दारात अडवलं, पिशवी रिकामी करायला लावली, काहीच सापडलं नाही. आता काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंग्लंडात रेडिंगला, डिपेंडंट व्हिसावर राहता. शनिवारी, १४ जूनला, पुण्याहून आलेल्या सासूबाईंना घेऊन एका मोठ्या सुपरमार्केटात गेलात. सिक्युरिटी गार्ड दोन-तीन रांगांमधून मागेमागे फिरत होता. सेल्फ-चेकआउटला, म्हणजे वस्तू स्वतःच स्कॅन करायच्या यंत्रावर, १४ पौंडांचे पैसे कार्ड टेकवून दिले, पावती छापून घेतली नाही. दारात गार्डने सासूबाईंना थांबवलं आणि त्यांच्या खांद्यावरची कापडी पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. तुमच्या पुढच्या दोन गोऱ्या बायका मात्र पावती न दाखवताच बाहेर पडल्या होत्या. पिशवीत काही सापडलं नाही. शेजारी उभी असलेली दुकानातली बाई सहकाऱ्याला 'या लोकांचं नेहमीचंच' अशा अर्थाचं बोलली. माफी कोणी मागितली नाही. या गोष्टीला आज नऊ दिवस झाले. सासूबाई १२ जुलैला परत जाणार आहेत आणि 'जाऊ दे गं, परक्या मुलखात कशाला' म्हणताहेत. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: हा वंशभेद म्हणायचा की आपणच मनाला लावून घेतोय, तक्रार केली तर हाती काय लागतं, आणि व्हिसाला धक्का बसेल का.

तुमच्या प्रश्नात न आलेली एक गोष्ट आधी सांगतो. अडवलं सासूबाईंना, पिशवीही त्यांची. त्यामुळे मुख्य तक्रारदार त्या आहेत, तुम्ही नाही. तुम्ही साक्षीदार आहात, आणि त्या शेऱ्यापुरती तुमची स्वतःची वेगळी तक्रारही होऊ शकते. पण दुकानाला फक्त तुमच्या नावाने पत्र गेलं, तर पहिलं उत्तर हमखास येतं की 'संबंधित ग्राहकाच्या संमतीशिवाय आम्ही यावर बोलू शकत नाही', आणि तीन आठवडे तिथेच जातात. त्या इथे पाहुण्या म्हणून आल्यात याने काही बिघडत नाही. २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट, म्हणजे भेदभावाविरुद्धचा इथला कायदा, दुकानात येणाऱ्या माणसाला लागू होतो, त्याच्या पासपोर्टवर कुठला शिक्का आहे हे तो विचारत नाही.

आता 'मनाला लावून घेतोय का' याबद्दल. गार्डच्या मनात काय होतं हे तुम्हाला कधीच कळणार नाही, कदाचित त्यालाही नीट सांगता येणार नाही. कायद्यालाही ते सिद्ध करून नको आहे. कलम १३ विचारतं ते एवढंच: त्याच परिस्थितीतल्या दुसऱ्या माणसापेक्षा यांना वाईट वागवलं का, आणि त्यामागे वंश हे कारण होतं का. वंश या शब्दात रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ हे सगळं येतं. ते एकमेव कारण असण्याचीही गरज नाही. निर्णयावर त्याचा ठळक प्रभाव होता, एवढं पुरतं, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९९९ मध्येच स्पष्ट केलंय. तेव्हा 'पण तो वर्णद्वेषी नसेलही' या विचारात रात्री जागवू नका. चांगला, सभ्य माणूसही गर्दीतून नकळत एकाच रंगाची माणसं निवडत असतो.

पुराव्याचा भार कोणावर, हे कलम १३६ मध्ये आहे आणि तुमच्या बाबतीत तेच सगळ्यात कामाचं आहे. आधी तुम्ही अशा गोष्टी दाखवायच्या, ज्यांवरून भेदभाव झाला असा निष्कर्ष निघू शकेल. तेवढं झालं की भार दुकानावर जातो: आमचं कारण वेगळं होतं, हे त्यांनी पटवून द्यायचं. मात्र 'मी गोरी नाही आणि मला अडवलं' एवढ्यावर भार सरकत नाही. आणखी काहीतरी लागतं. तुमच्याकडे अशा दोन गोष्टी आहेत: पावती न दाखवता गेलेल्या त्या दोघी, आणि तो शेरा. पहिली कॅमेऱ्यात आहे, दुसरी फक्त तुमच्या कानात. म्हणून कॅमेऱ्याची एवढी घाई करायची.

काही गोष्टी खरोखरच परिस्थितीवर अवलंबून आहेत. दुकान काय सांगेल ते आधीच ओळखून ठेवलेलं बरं. दारातला अलार्म वाजला होता का? वाजला असेल तर थांबवायला कारण होतं, मग प्रश्न उरतो तो अलार्म वाजूनही दुसऱ्या कोणाला जाऊ दिलं का एवढाच. सेल्फ-चेकआउटच्या यंत्रावर लाल दिवा लागला होता का, एखादी वस्तू दोनदा स्कॅन करावी लागली का? सासूबाईंनी रांगेत उभ्या असताना मोबाइल किंवा चष्मा पिशवीत टाकला का? कॅमेऱ्यासमोर बसलेल्याला लांबून ते वस्तू टाकल्यासारखंच दिसतं. त्या दोन बायका सेल्फ-चेकआउटवरून आल्या होत्या की माणूस बसलेल्या काउंटरवरून? काउंटरवरच्या ग्राहकाला सहसा कोणी तपासत नाही, आणि मग तुलनाच कोसळते. या चार प्रश्नांची उत्तरं स्वतःशी प्रामाणिकपणे द्या. यातलं काही घडलं असेल तर तक्रार संपते असं नाही, पण पत्राचा रोख बदलतो: 'का थांबवलं' यापेक्षा 'थांबवल्यावर कसं वागवलं' यावर भर द्यावा लागतो.

वागवण्याबद्दल बोलायचं तर, दुकानातल्या गार्डला पोलिसांचे अधिकार नसतात. चोरी होताना पाहिली किंवा तसा वाजवी संशय असेल तर कुठल्याही नागरिकाइतकाच तो एखाद्याला पोलीस येईपर्यंत रोखू शकतो. संमतीशिवाय पिशवी तपासणं त्याच्या अधिकारात बसत नाही. सासूबाईंनी स्वतःहून पिशवी रिकामी केली, हे दुकान 'संमती' म्हणून पुढे करेल. पासष्टीची बाई, इंग्रजी जेमतेम, समोर गणवेशातला माणूस टेबलाकडे बोट दाखवतोय. ही कसली संमती? हे पत्रात याच शब्दांत येऊ द्या.

आज करायचं काम एकच: सीसीटीव्ही. बऱ्याच दुकानांत चित्रीकरण साधारण ३० दिवस राहतं, मग त्यावर नवीन चढतं. काही ठिकाणी याहून कमी. १४ जूनपासून मोजलं तर हातात जास्तीत जास्त तीन आठवडे आहेत. स्वतःबद्दलची माहिती, त्यात स्वतःचं चित्रीकरणही आलं, मागण्याचा हक्क इथल्या डेटा संरक्षण कायद्यात आहे. त्याला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात. फी नाही, कारण द्यावं लागत नाही, उत्तर एका महिन्यात यायला हवं. गुंतागुंतीच्या अर्जाला ते आणखी दोन महिने वाढवून घेऊ शकतात.

हा अर्ज दुकानाच्या काउंटरवर देऊ नका. तिथला कागद मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये जातो आणि तिथेच राहतो. कंपनीच्या वेबसाइटवर अगदी खाली प्रायव्हसी नोटीस असते, तिच्यात डेटा प्रोटेक्शन विभागाचा ई-मेल दिलेला असतो, त्यावर पाठवा. एक अर्ज सासूबाईंच्या नावाने, दुसरा तुमच्या नावाने. सासूबाईंच्या वतीने तुम्ही पाठवत असाल तर त्यांच्या सहीचं दोन ओळींचं इंग्रजी संमतिपत्र आणि त्यांच्या पासपोर्टच्या फोटोच्या पानाची प्रत सोबतच जोडा. ओळख पटवायला कागद मागितले की ते मिळेपर्यंत महिन्याची मुदत थांबते, म्हणून ते मागायची वाट बघू नका.

अर्जात नेमकं काय लिहायचं, यावरच बरंच काही ठरतं. 'शनिवारी दुपारी' लिहिलंत तर 'सापडलं नाही' असं उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. बँकेच्या ॲपमध्ये कार्डच्या व्यवहारावर बहुतेक वेळा मिनिटापर्यंतची वेळ दिसते. तिचा आजच स्क्रीनशॉट घ्या, कारण नंतर स्टेटमेंटवर नुसती तारीख उरते. ती वेळ लिहा आणि तिच्या आधीची २० व नंतरची २० मिनिटं मागा. जूनमध्ये इथली घड्याळं एक तास पुढे असतात, आणि काही कॅमेऱ्यांची घड्याळं मात्र वर्षभर हिवाळ्याच्याच वेळेवर ठेवलेली असतात. म्हणून 'कॅमेऱ्याच्या घड्याळात तासाचा फरक असू शकतो, तेही पाहावं' ही ओळ घाला. दुकानाचा पूर्ण पत्ता, कुठलं दार, सेल्फ-चेकआउटचं कितवं यंत्र तेही लिहा. आणि कपडे. तुम्ही म्हणता सासूबाई नऊवारी नेसल्या होत्या, हिरवी, वर राखाडी स्वेटर, पायात पांढरे बूट. त्या दुपारी रेडिंगच्या दुकानात असं दुसरं कोणी असण्याची शक्यता कमीच. त्या दिवशी काढलेला एखादा फोटो असेल तर जोडा, चित्रीकरण शोधणाऱ्याचं काम पाच मिनिटांत होतं.

इथे एक अडचण आहे. या हक्काने तुम्हाला तुमचंच चित्रीकरण मिळतं. त्या दोन बायकांचे चेहरे पुसट करून देतील किंवा तो भाग कापूनच टाकतील. आणि तुमची तुलना तर त्याच भागावर उभी आहे. म्हणून त्याच ई-मेलमध्ये दुसरी, वेगळी मागणी करा: 'या घटनेबाबत इक्वॅलिटी ॲक्टखाली दावा होऊ शकतो, म्हणून दारावरचं आणि सेल्फ-चेकआउटवरचं या वेळेतलं संपूर्ण चित्रीकरण जपून ठेवावं.' ते तुम्हाला आज मिळणार नाही, पण पुढे न्यायालयामार्फत मागता येतं. अशी सूचना लेखी मिळाल्यानंतरही त्यांनी ते पुसू दिलं, तर त्याचा जाब त्यांना द्यावा लागतो. गार्डच्या छातीवर कॅमेरा असेल तर त्याचंही चित्रीकरण, दुकानाच्या नोंदवहीतली त्या दिवसाची नोंद, आणि तुमचं वर्णन असलेले आपापसातले ई-मेल किंवा मेसेजही मागा. कधीकधी खरं कारण त्या नोंदवहीतल्या एका ओळीत सापडतं.

चित्रीकरणात आवाज बहुधा नसतो. म्हणून शेऱ्यासाठी दुसरा पुरावा तयार ठेवायचा: दोघींची लेखी टिपणं. आज बसून लिहा, पण वेगवेगळ्या खोलीत, एकमेकींचं न वाचता. दोन टिपणं शब्दशः सारखी निघाली की समोरचा वकील खूश होतो. थोडा फरक असलेलाच बरा, तो खरेपणाचा असतो. वर आजची तारीख घाला. घटनेच्या दिवसाची तारीख मागाहून टाकायचा मोह अजिबात नको.

सासूबाईंनी मराठीतच लिहावं, स्वतःच्या अक्षरात, खाली सही. भाषांतर नंतर जोडता येतं. साक्षीदाराचं निवेदन शक्यतो त्याच्या स्वतःच्या भाषेत असावं, अशीच इथल्या न्यायालयांची अपेक्षा आहे. आणि लिहायचं ते घडलेलं, त्याचा अर्थ नाही. 'त्याने माझा अपमान केला' हा निष्कर्ष झाला, वाचणारा तो मानेल किंवा मानणार नाही. 'मी पिशवी खांद्यावरून काढली. त्याने टेबलाकडे बोट दाखवलं. मी पाण्याची बाटली, रुमाल, बी.पी.च्या गोळ्यांची पट्टी, चष्म्याचं घर काढून ठेवलं. मग त्याने पिशवी हातात घेतली आणि उलटी करून झटकली. मागे रांगेत चार-पाच माणसं बघत होती.' असं लिहिलं की अपमान हा शब्द लिहायची गरजच राहत नाही. अर्थात, जे खरोखर आठवतंय तेवढंच. तो शेरा तुम्ही इंग्रजीत ऐकलात, तेव्हा तुमच्या टिपणात तो इंग्रजीतच, जसाच्या तसा हवा. 'अशा अर्थाचं' यावर काही उभं राहत नाही. एखादा शब्द नक्की आठवत नसेल तर तसं लिहा. सासूबाईंना तो शेरा कळलाच नसेल, तर त्यांच्या टिपणात तो येता कामा नये.

हा शेरा तुम्हाला उद्देशून नव्हता, सहकाऱ्याशी बोलताना होता, असं तुम्ही जरा कमीपणाने लिहिलंय. त्याने फार फरक पडत नाही. कलम २६ मधला छळ म्हणजे वंशाशी संबंधित असं नकोसं वागणं, ज्याने माणसाची प्रतिष्ठा दुखावते किंवा वातावरण अपमानास्पद होतं. हेतू तसा नव्हता, पण परिणाम तसा झाला आणि तसा होणं वाजवी होतं, तरी पुरतं. मात्र 'या लोकांचं' म्हणजे कुठल्या लोकांचं? दुकान म्हणेल, 'पावती न घेणाऱ्या लोकांचं'. म्हणून नेमके शब्द, त्यांच्या आधीचं वाक्य, आणि बोलताना ती कोणाकडे बघत होती, हे टिपणात असायला हवं.

आता तक्रारीचं पत्र. हे चित्रीकरणाच्या अर्जापासून वेगळं ठेवा. दोन्ही एकत्र केलं की ग्राहक सेवा विभाग तक्रारीला उत्तर देतो आणि अर्ज हरवतो. पत्र हेड ऑफिसला, ई-मेलने, एका पानात बसेल एवढं. पहिल्या परिच्छेदात नुसता घटनाक्रम, वेळेसकट. दुसऱ्यात तुलना: त्या दोघी गेल्या, आम्हाला थांबवलं. तिसऱ्यात एक सरळ वाक्य: यामागे वंश हे कारण होतं असं मला वाटतं, आणि हे इक्वॅलिटी ॲक्टच्या कलम १३, २६ व २९ चं उल्लंघन आहे (२९ वं ग्राहकांना सेवा देणाऱ्यांबद्दलचं). हे वाक्य वगळू नका. ते नसेल तर तुमचं पत्र 'कर्मचाऱ्याचं वागणं उद्धट' या खात्यात जातं आणि त्याचं उत्तर साच्यातलं असतं. ते असेल तर पत्र सहसा वरच्या टेबलावर जातं. शिवाय अशी तक्रार केल्याबद्दल त्यांनी पुढे तुम्हाला दुकानबंदी केली किंवा त्रास दिला, तर त्यालाही कायद्यात वेगळं कलम आहे, २७ वं.

पण 'तुमचा गार्ड रेसिस्ट आहे' असं लिहू नका. तो कसा माणूस आहे यावर वाद सुरू झाला की कंपनी त्याची बाजू घ्यायला बांधली जाते, आणि त्याने काय केलं हा प्रश्न मागे पडतो.

पत्राच्या शेवटी प्रश्न विचारा. माझ्या मते पत्राचा सगळ्यात कामाचा भाग हाच, आणि लोक नेमका तोच विसरतात. कुठल्या कारणाने यांना निवडलं? त्या एका तासात दारात आणखी किती जणांना थांबवलं? पावती तपासायचा लेखी नियम काय आहे, त्याची प्रत द्या. पिशवी तपासण्याचा अधिकार कुठून आला? गार्ड कंपनीचा नोकर आहे की बाहेरच्या एजन्सीचा, आणि एजन्सी कुठली? या प्रश्नांना त्यांनी उत्तरं टाळली किंवा गोलमोल दिली, तर न्यायाधीश त्यावरूनही अंदाज बांधू शकतो. बाहेरच्या एजन्सीचा गार्ड असेल तर त्याच्याकडे सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटीचा, म्हणजे खासगी सुरक्षारक्षकांवरच्या सरकारी नियामकाचा, परवाना असावा लागतो. दुकानाचा स्वतःचा पगारी गार्ड असेल तर तो नियम सहसा लागू नाही. 'गार्ड आमचा नाही' हे उत्तर ऐकून हात टेकू नका. पत्राची प्रत एजन्सीलाही पाठवा, आणि जबाबदारी कोणाची हे त्या दोघांना आपापसात ठरवू द्या.

काय हवंय तेही लिहा: सासूबाईंच्या नावाने लेखी माफी, संबंधितांना प्रशिक्षण, आणि भरपाईचा आकडा. उत्तराला २८ दिवस द्या. मधल्या काळात कंपनीकडून गोड आवाजातला फोन आणि गिफ्ट व्हाउचर येण्याची दाट शक्यता आहे. फोनवर काही कबूल करू नका, 'ई-मेल करा' म्हणा. व्हाउचरसोबतच्या पत्रात 'संपूर्ण आणि अंतिम तडजोड' अशा अर्थाची ओळ आहे का ते बघा. असेल तर ते वापरलं की बहुधा विषय संपला.

पोलिसांकडे जायचं का? इथे लोकांचा नेहमी गोंधळ होतो, कारण दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खून प्रकरणावरच्या १९९९ च्या मॅक्फर्सन अहवालापासून पोलिसांच्या नोंदीसाठीची व्याख्या अशी आली की पीडित व्यक्तीला किंवा दुसऱ्या कोणालाही घटना वंशद्वेषी वाटली, तर ती तशी समजायची. त्या व्याख्येत 'वाटणं' पुरतं. दिवाणी दाव्यात मात्र वाटणं पुरत नाही, वर सांगितलेली तुलना लागते. शिवी दिली, धमकी दिली, धक्काबुक्की केली, ओढून आत नेलं, यातलं काही असतं तर १०१ ला, पोलिसांच्या बिनतातडीच्या नंबरला, फोन करा म्हटलं असतं, आणि प्रसंग चालू असताना ९९९. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही. नोंद करायची असेल तर ऑनलाइन करता येते, पण त्यातून माफी किंवा भरपाई येत नाही, आणि तिची वाट बघत दिवाणी मुदत गेली तर नुकसान तुमचंच.

ती मुदत सहा महिन्यांना एक दिवस कमी अशी धरा. म्हणजे १४ जूनच्या घटनेसाठी १३ डिसेंबर. तक्रारीचा पत्रव्यवहार चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही. कंपन्या मुद्दाम लांबवतात असं मी म्हणणार नाही, पण 'अजून चौकशी चालू आहे' हे वाक्य सहज तीन महिने टिकतं. मुदत वाढवून देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नये. दावा काउंटी कोर्टात होतो. १०,००० पौंडांपर्यंतच्या पैशांच्या दाव्याला बहुधा स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे छोट्या दाव्यांचा सोपा मार्ग मिळतो. त्यात हरलात तरी समोरच्याच्या वकिलाचा खर्च सहसा अंगावर येत नाही, अगदीच अवाजवी वागलात तर गोष्ट वेगळी. प्रकरण गुंतागुंतीचं म्हणून वरच्या मार्गावर टाकलं, तर मात्र खर्चाचा धोका खरा आहे. त्या क्षणी थांबून वकिलाशी बोला. दावा दाखल करताना इक्वॅलिटी अँड ह्यूमन राइट्स कमिशनला, म्हणजे या कायद्यावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाला, तशी सूचना पाठवायची असते. ही छोटी पायरी बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सचं. स्कॉटलंडमध्ये दावा शेरीफ कोर्टात जातो, आणि उत्तर आयर्लंडला हा कायदा लागूच नाही, तिथे १९९७ चा वेगळा आदेश आहे.

भरपाई किती? मनस्तापासाठी न्यायालयं ज्या पट्ट्यांचा आधार घेतात त्यांना व्हेंटो पट्टे म्हणतात, २००२ च्या एका निकालावरून. एप्रिल २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे सगळ्यात खालचा पट्टा १,२०० ते १२,१०० पौंड होता. एकदाच घडलेली, मारहाण नसलेली दुकानातली घटना याच पट्ट्यात आणि बहुधा त्याच्या तळाशी बसते. तेव्हा इंटरनेटवर दिसणारे मोठे आकडे डोक्यातून काढून टाका, ते बहुतेक नोकरीतल्या वर्षानुवर्षांच्या छळाचे असतात. ३,००० पौंडांपर्यंतचा दावा लावलात तर दाखल करायची फी ११५ पौंडांच्या आसपास, सुनावणीची फी वेगळी.

फुकटची मदत आहे. इक्वॅलिटी ॲडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिस फोनवर आणि ऑनलाइन सल्ला देते, पत्राचा मसुदा कसा असावा हेही सांगते. सिटिझन्स ॲडव्हाइस आणि लॉ सेंटर या मोफत सल्ला देणाऱ्या संस्था आहेतच. उत्पन्न कमी असेल तर भेदभावाच्या प्रकरणांना सरकारी कायदेशीर मदतही मिळू शकते. आणि घराच्या विम्याची पॉलिसी उघडून बघा. अनेकांच्या पॉलिसीत कायदेशीर खर्चाचं कलम असतं आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो. फक्त ते वापरायचं तर विमा कंपनीला आधी कळवावं लागतं, स्वतःहून वकील नेमल्यावर नाही.

व्हिसाबद्दल. दुकानाविरुद्ध तक्रार किंवा दिवाणी दावा केल्याने तुमच्या किंवा सासूबाईंच्या व्हिसाला धक्का लागत नाही. धक्का उलट्या बाजूने लागू शकतो. अशा प्रसंगी दुकानाने चोरीचा आरोप केला आणि 'इथे सही करा म्हणजे प्रकरण मिटेल' म्हटलं, तर सही करू नये. पोलिसांनी कॉशन देऊ केलं, तर वकिलाशी बोलल्याशिवाय घेऊ नये. कॉशन म्हणजे पोलिसांची औपचारिक ताकीद, ती घेणं ही गुन्ह्याची कबुली ठरते, आणि व्हिसाच्या अर्जात ते जाहीर करावं लागतं. तुमच्या बाबतीत यातलं काही झालेलं नाही. पण महिन्याभरात एखाद्या वसुली एजन्सीचं 'दुकानाचं नुकसान भरा' असं पत्र आलंच, तर घाबरून पैसे भरू नका आणि ते टाकूनही देऊ नका. चोरी झाली नाही, रक्कम मान्य नाही, असं दोन ओळींत लेखी कळवा.

समाजमाध्यमावर गार्डचा किंवा त्या बाईचा फोटो टाकायचा विचार असेल तर निदान आत्ता नको. तिथे लिहिलेला प्रत्येक शब्द पुढे तुमच्या टिपणाशेजारी ठेवून तपासला जाईल, आणि रागात लिहिलेली पोस्ट टिपणाशी कधीच तंतोतंत जुळत नाही.

सासूबाईंच्या 'जाऊ दे' बद्दल. त्यांना खरंच नको असेल तर त्यांचं ऐका, अपमान त्यांचा आहे, निर्णयही त्यांचा. पण तो निर्णय आज करायची गरज नाही. चित्रीकरणाचा अर्ज, ते जपून ठेवण्याची सूचना आणि टिपण या तीन गोष्टींनी कोणी कोर्टात ओढलं जात नाही. त्या केल्या तर डिसेंबरपर्यंत दार उघडं राहतं. आणि केल्या नाहीत तर जुलैच्या मध्यावर ते आपोआप बंद होईल, मग मन बदललं तरी उपयोग नाही. १२ जुलैच्या आधी त्यांच्याकडून संमतिपत्राच्या तीन सह्या घेऊन ठेवा: एक डेटाच्या अर्जासाठी, एक तक्रारीसाठी, एक सल्लागाराशी बोलण्यासाठी. पुढे दावा झालाच तर पुण्याहून व्हिडिओवर साक्ष देण्याची परवानगी न्यायालयाकडे मागता येते. परदेशातून साक्ष म्हटली की वेळ लागतो, तेव्हा ते सुरुवातीलाच कळवायचं.

कंपनीचं पहिलं उत्तर काय येईल तेही साधारण सांगता येतं: 'आम्ही चौकशी केली, आमच्या सहकाऱ्याने ठरलेल्या प्रक्रियेचं पालन केलं, तुम्हाला तसं वाटलं याबद्दल दिलगीर आहोत.' बहुतेक लोक इथे सोडून देतात. तुम्ही त्याच ई-मेलला एका ओळीत उत्तर द्या: ती प्रक्रिया लेखी पाठवा, आणि त्या तासात ती आणखी कोणाकोणाला लावली ते कळवा.